तिसरी रात्र

रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, अंगाला घाम फुटतो, अन्न नको होतं. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. खरी परीक्षा असते ती दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. ज्यांचं शरीर वर्षानुवर्षं दारूवर चाललं आहे, त्यांच्यातल्या काहींना तेव्हा नसलेलं दिसू लागतं. भिंतीवरून किडे चढतात, दारात मेलेला भाऊ उभा राहतो, कुणीतरी अंगणातून नावाने हाका मारतं. माणूस बायकोला ओळखत नाही, खाटेवरून उठून पळत सुटतो. वैद्यक याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतं आणि उपचाराविना यात मृत्यू येऊ शकतो, असं स्पष्ट बजावतं. गावात याला ‘बाहेरचं’ म्हणतात. मग पुजारी येतो, लिंबू उतरवतो, कोंबडं मागतो.

या अवस्थेचा स्वभावच असा, की ती बहुतेकांत काही दिवसांनी आपोआप ओसरते. म्हणजे जो वाचला, तो उताऱ्याने वाचला असं ठरतं. जो वाचत नाही, त्याच्याबद्दल गाव म्हणतं, ‘दारू सोडली म्हणून गेला.’ पुढे दहा वर्षं गावातला प्रत्येक पिणारा हेच उदाहरण तोंडावर फेकतो. पुजाऱ्याची कीर्ती आणि पिणाऱ्याची सबब, दोन्ही एकाच रात्रीत जन्माला येतात.

आणि उपचार? महागडं यंत्र लागत नाही, की सुपरस्पेशालिटी लागत नाही. काही दिवसांची खाट, लक्ष ठेवणारी नर्स, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी, मात्रा उतरवत न्यायची औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. यातली एक गोष्ट मात्र माहीत असावी लागते. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन उरलेलंच नसतं. अशाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिन आधी, ग्लुकोज मागाहून. ‘डॉक्टर, अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या’ ही आपल्या खेड्यांतली सर्वांत लाडकी मागणी असल्यामुळे हा क्रम जरा ठळक सांगितला.

एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. त्या पुड्यांत काय असतं, ते विकणाऱ्यालाच ठाऊक. डायसल्फिराम हे खरं औषध आहे. ते घेऊन वर दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणूनच ते रुग्णाला नीट समजावून, त्याच्या संमतीने द्यायचं असतं. वरणात गुपचूप मिसळण्याची ती वस्तू नव्हे. तरी या जाहिराती चालतात, कारण त्या पिणाऱ्याच्या घरच्या बाईला थेट उत्तर देतात. सरकारी फलक ‘व्यसन सोडा’ एवढंच सांगतो. कुठे जाऊन सोडायचं, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

हा ‘कुठे’चा प्रश्न एका गावापासून पाहू. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या अगदी वरच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या हद्दीलगत, नाकाडोंगरी आहे. तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. भोवती जंगल, धानाच्या बांध्या, आणि जमिनीखाली मँगनीज. शेजारी ‘मॉईल’ कंपनीची डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, तिथला डायऑक्साइड प्रतीचा दगड सुक्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांना लागतो. त्याच पट्ट्यात चिखल्याची भूमिगत खाण. तुमसर रोडहून गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तिरोडीकडे जाणारी रेल्वे या दगडासाठीच ओळखली गेली. एकीकडे पावसाच्या भरवशावरची रोवणी, दुसरीकडे पाळीने चालणारी खाण, तिसरीकडे एप्रिलच्या पहाटे टोपल्या भरून वेचलं जाणारं मोहफूल.

मोहाला उगाच बदनाम करण्यात अर्थ नाही. मोह हे इथल्या गोंड घरांत अन्न आहे, देवाला वाहण्याची वस्तू आहे, उन्हाळ्यातली रोकड आहे. सणाला द्रोणभर पिणारी आजी आणि रोज पहाटे हात थांबावेत म्हणून पिणारा नातू, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोलिसांच्या धाडीच्या बातम्यांत जो ‘सडवा’ सांडलेला दिसतो, त्यात बहुतेकदा फुलापेक्षा गूळ आणि नवसागर यांचा जोर असतो. तो धंदा आहे, परंपरा नव्हे. त्यावर देशीचं परवानाधारक दुकान, आणि ते बंद झालंच तर थोड्या अंतरावर दुसरं राज्य.

खाणपट्ट्याला आणखी एक बारीक पदर आहे. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासात गेली तर ती मेंदूत साठू शकते. ग्लासगोच्या कूपर नावाच्या डॉक्टरने १८३७ मध्येच मँगनीज दळणाऱ्या कामगारांतला हा आजार नोंदवला होता. पुढे चिलीच्या खाणींत त्याला ‘मँगनीजचं वेड’ असं नावच पडलं; आधी चिडचिड, कारणाशिवाय हसू-रडू, भास, आणि नंतर पार्किन्सनसारखी अडखळती चाल. शरीर जादा मँगनीज पित्तावाटे बाहेर टाकतं, म्हणजे हे काम यकृताचं. दारूने यकृत खराब झालेल्या माणसाला ते नीट जमत नाही. इथल्या खाणकामगारांत हा आजार आहे, असं मी म्हणत नाही. पण खाणीवरून आलेला माणूस घरात आदळआपट करू लागला, तर दारू, मन आणि धातू या तिन्हींचा विचार करणारा कुणीतरी जवळपास हवा, एवढं म्हणण्याचा हक्क या भूगोलानेच दिला आहे.

असा माणूस भेटायचा कुठे? नाकाडोंगरीहून तुमसर पंचवीसेक किलोमीटर. तुमसरहून भंडारा तीसेक. भंडाऱ्याहून नागपूर साठ. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीसोबत राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी सर्वांत जुनं. तिथल्या चौकाला आजही रिक्षावाले ‘पागलखाना चौक’ म्हणतात. दारूने झोप उडालेल्या माणसाला तिकडे न्यायचं, तर घरच्यांना एसटीच्या तिकिटाबरोबर या नावाचाही खर्च सोसावा लागतो. २०१९ च्या एका अंदाजानुसार देशात लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते. भंडारा जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या बारा लाख. सरासरीच्या न्यायाने जिल्ह्याच्या वाट्याला नऊ यायला हवेत. पण सरासरी नागपूर-पुण्यात राहते, तुमसर तालुक्यात नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं, की मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक लोकांना उपचार मिळत नाहीत, आणि दारूच्या आजारात ही दरी आणखी रुंद आहे. ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कुठलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. दाखल होऊन उपचार मिळालेला, १८० मागे एक.

माझ्या मते यातलं अज्ञान कधीच संपलेलं आहे. खेड्यात हे काम कसं करायचं, हे आपल्याला माहीत आहे, आणि ते अमेरिकेत नव्हे, मराठी मुलखात आणि त्याच्या शेजारीच शोधलं गेलं आहे.

सुरुवात पुण्याची. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदत पुढे केली. आणि येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. ‘मुक्तांगण’चा सर्वांत मोठा शोध औषधाचा नव्हता. बरा झालेला रुग्ण हाच पुढच्या रुग्णाचा समुपदेशक होऊ शकतो, आणि घरची बाई ही हजेरी लावायला आलेली नातेवाईक नसून तिलाही स्वतंत्र आधार लागतो, हे त्यांनी कामातून दाखवलं. बायकांसाठी ‘सहचरी’ गट त्यातूनच आला. मात्र ‘मुक्तांगण’पर्यंत पोचायला माणसाने घर सोडून यावं लागतं. रोवणीच्या दिवसांत पाच आठवडे कोण घर सोडणार?

त्याचं उत्तर गोव्यात निघालं. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. हे सगळे धोक्याच्या पातळीवर पिणारे, पण दाखल करण्याइतके गेलेले नव्हते. त्यांच्याशी बोलणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. स्थानिक लोक होते, प्रशिक्षण घेतलेले, ज्यांच्या कामावर नियमित देखरेख होती. जास्तीत जास्त चार बैठका. आठवड्यात किती झाली ते माणसाकडूनच मोजून घ्यायचं, तल्लफ आली की काय करायचं ते ठरवायचं, मित्र ‘एकच घे’ म्हणतो तेव्हा काय म्हणायचं याची रंगीत तालीम करायची. तीन महिन्यांनी या गटातल्या ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के. आदल्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, विरुद्ध १८. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच केंद्रांतल्या नैराश्यावरच्या जोडअभ्यासात आकडे याहून बोलके होते : ६४ टक्के बरे, विरुद्ध ३९.

हे आकडे चमत्काराचे नाहीत, आणि म्हणूनच मला विश्वासार्ह वाटतात. शंभरातल्या चौसष्ट जणांचं पिणं त्या समुपदेशनानंतरही धोक्याचंच राहिलं. त्यांच्यासाठी पुन्हा जावं लागतं.

नाकाडोंगरीला आणखी जवळचा दाखला अमरावतीचा. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर आखलेला ‘विश्राम’ प्रकल्प डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या तीस गावांत राबवला. गावातल्या कार्यकर्त्या, बचत गटांच्या बैठका, समुपदेशक, आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ, अशी चढती रचना. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदतीसाठी गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. आदल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ झाले. अमरावतीच्या कपाशीच्या गावात जे साधलं, ते तुमसरच्या धानाच्या गावात का साधू नये, याचं एकही वैद्यकीय कारण मला दिसत नाही.

कारण प्रशासकीय आहे. आपल्याकडे योजना आजारामागून जात नाहीत, बातमीमागून जातात. राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ मध्ये आला, आशाताईंकडून घरोघरी तपासणी, समुपदेशन, १०४ क्रमांक, सगळं चांगलं. पण तो आला शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांसाठी : मराठवाड्यातले आठ, विदर्भातले सहा. त्या सहांत भंडारा नाही. धानाचा शेतकरी कर्जात बुडला तरी त्याच्यावर अजून मालिका निघालेली नाही. दारूच्या बाजूने पाहावं, तर वर्ध्यात १९७५ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. गडचिरोलीत बंदीच्या जोडीला २०१६ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत ‘मुक्तिपथ’ उभं केलं : गावसंघटना, तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे दवाखाने, गावातच भरणारी व्यसनमुक्ती शिबिरं. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली, आणि दोन्ही वेळा राज्यभर चर्चा झाली. भंडारा जिल्ह्यातलं लाखांदूर ओलांडलं की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. एवढ्या अंतरावर ‘मुक्तिपथ’ आहे, आणि अलीकडे नाही. भंडारा बंदीचाही नाही आणि आत्महत्यांचाही नाही. त्याने बातमी व्हायचंच नाकारलं, त्याची ही शिक्षा.

बंदीबद्दल माझं मत अर्धं-अर्धं आहे. बायका एकत्र येतात, मतदान मागतात, ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडतात, तेव्हा गावातली सत्ता थोडी तरी सरकते, आणि ती सरकणं मला मोलाचं वाटतं. पण दुकान बंद झालं त्याच्या तिसऱ्या रात्री गावातल्या अवलंबून असलेल्या माणसांचं काय होणार, याची तजवीज मतपत्रिकेवर नसते. उत्पादन शुल्क खातं दुकान बंद करतं आणि निघून जातं. व्यसनमुक्तीचं खातं वेगळं, ते सामाजिक न्याय विभागाचं. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ मध्ये त्यांनीच आणलं. आजारपणाचं खातं तिसरं, आरोग्याचं. दारूने महसूल येतो एका टेबलावर, प्रबोधनाचा खर्च होतो दुसऱ्यावर, आणि फीट येते तिसऱ्याच्या दारात. हे तिघे तालुका पातळीवर एका खोलीत नियमाने बसतात असा तालुका कुणी दाखवला, तर मी तो पाहायला आनंदाने जाईन.

कायदा याच्या कितीतरी पुढे गेलेला आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था घेतल्या आहेत. कलम १८ प्रत्येकाला सरकारी किंवा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतं, आणि किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेचा खर्च सरकारने सोसावा, असंही सांगतं. कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला शिकवलं. तरीही कीटकनाशक प्यायलेल्या पोराला दवाखान्यात नेताना बाप आधी पोलिसाला घाबरतो.

साधनं अगदीच नाहीत असंही नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चालू आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ आहे. उपकेंद्रांची ‘आयुष्मान आरोग्य मंदिरं’ झाली, त्यांत समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, आणि त्यांच्या सेवायादीत मानसिक आजार आहेत. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात मन उदास राहतं का, कशात रस वाटेनासा झाला का, असे दोन प्रश्न आहेत. प्रश्न चांगले आहेत. फक्त ते ओसरीवर सासू आणि दीर बसलेले असताना सुनेला विचारले जातात, आणि ती ‘नाही’ म्हणते. आशाताईही पुढच्या रकान्याकडे वळते, कारण तिचं मानधन रकान्यांवर आहे. सून ‘हो’ म्हणाली असती, तर तिला कुणाकडे पाठवायचं, हा प्रश्न आशाताईलाही पडलाच असता.

सेवेचा विस्तार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते : पन्नास खाटांचं केंद्र, कोनशिला, फीत. नाकाडोंगरीसारख्या ठिकाणी इमारतीची निकड सर्वांत कमी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन खाटा, तिसऱ्या रात्रीचं औषध कपाटात, आणि ते द्यायला शिकलेला वैद्यकीय अधिकारी. अडलं तर भंडाऱ्याच्या तज्ज्ञाला फोन लावायची मुभा. फीट येऊन गेलेल्याला किंवा भास होणाऱ्याला वर पाठवायला गाडी. हा झाला आठवडाभराचा भाग, आणि तो सोपा आहे. अवघड आहे त्यानंतरचं वर्ष, कारण औषध संपतं तिथे शेजारी, पगार, भाऊबंदकी आणि झोप सुरू होते. त्या वर्षासाठी गावागणिक एक ओळखीचा माणूस हवा, जो दर पंधरवड्याला जाईल, माणूस पुन्हा प्यायलेला सापडला तरी जाईल, आणि त्याच्या बायकोशीही वेगळं बसेल.

घसरणीला इथे ठरलेलं पंचांग आहे. पोळ्याची कर. धान विकून हातात पैसा आला ते आठवडे. आणि दिवाळी झाली की मंडई. भाऊबीज सरली की भंडारा-गोंदियात गावोगाव मंडया भरतात, दंडार रंगते, झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, लेकी-जावई, साळे-मेहुणे जमतात. जावयाला पाजल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही, असं मानणारी घरं अजून आहेत. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस याच आठवड्यात पडतो, आणि पडला की शरमेने उपचाराकडे फिरकत नाही. ज्या कार्यक्रमाचं वार्षिक वेळापत्रक मुंबईत बनतं, त्याला मंडई माहीत नसते. नाटकाच्या तंबूबाहेर एक टेबल मांडायला आणि नोव्हेंबरात भेटी दुप्पट करायला पैसे लागत नाहीत. फक्त हे काम ज्याच्या खांद्यावर आहे तो इथला असावा लागतो.

आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळावा लागतो. प्रकल्पांची खरी गोम इथे आहे. अनुदानाची मुदत दोन-तीन वर्षांची असते, व्यसनाची तशी नसते. नाशिकच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या ‘मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रा’ने ‘आत्मीयता’ नावाचं काम उभं केलं, गावातलेच ‘मित्र’ निवडून त्यांना ऐकायला आणि सांभाळायला शिकवलं. त्याचा पुढचा मोठा विस्तार झाला तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात. चांगली गोष्ट आहे. पण पेठमध्ये सुचलेली पद्धत तुमसरला यायची, तर वाटेत मेहसाणा कशाला लागावं?

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते, आणि दिवाळीनंतरची पुढची येते २६ जानेवारीला. तिच्या विषयपत्रिकेवर रस्ता, नळ, घरकुल असतंच. त्यात एक अर्ज घालता येईल : कलम १८ नुसार आमच्या आरोग्य केंद्रात दारू सोडण्याच्या काळातले उपचार कोणत्या वारी, कोणत्या डॉक्टरकडे मिळतील, आणि मिळत नसतील तर जिल्ह्यात त्याचा खर्च कोण देणार, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी लेखी कळवावं. ठराव मांडायला कुणी बाई उठली, तर अनुमोदनाला हात कमी पडणार नाहीत. तोवर मंडया संपलेल्या असतील, आणि कोण कोण घसरलं ते साऱ्या गावाला माहीत असेल.